अडतीस म्हातारे उंदीर आणि गार पाणी

सोमवारी, १८ डिसेंबरला, सकाळी साडेनऊ वाजता मनकर्णाबाई दांडगे यांनी प्राणीघराच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली कनवटीला खोचली आणि दारासमोरच्या पायरीवर बसल्या. आत अडतीस म्हातारे उंदीर होते. दहा वाजता त्यांना मारायचं होतं. त्यांचे मेंदू काढून, बर्फात घालून दुपारच्या गाडीनं पुण्याला तपासणीसाठी पाठवायचे होते. मेंदू काढल्यावर उंदराची परीक्षा पुन्हा घेता येत नाही. आणि मनकर्णाबाईंचं म्हणणं होतं की परीक्षा चुकीची झाली आहे.

फार्मसी कॉलेजात या मारण्याला ‘सॅक्रिफाइस’ म्हणतात. मनकर्णाबाई मारणं म्हणतात. मारण्याला त्यांचा विरोध नव्हता. त्यांना उंदीर आवडतही नाहीत, टी.व्ही. सेंटरजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत उंदीर दिसला तर त्या पायातली चप्पल काढतात.

त्या सत्तावन्न वर्षांच्या आहेत. माहेर सिल्लोड तालुक्यातलं, शिक्षण सातवी. नवरा कडूबा एका गोदामावर रखवालदार. हर्सूलच्या बाजूच्या या कॉलेजात त्या बावीस वर्षांपूर्वी झाडू मारायला लागल्या. प्राणीघर सांभाळणारा माणूस एक दिवस बोटाला उंदीर चावला म्हणून जो गेला तो परत आला नाही. ‘दोन दिवस तुम्ही बघा’ म्हणून मनकर्णाबाईंना आत पाठवलं. ते दोन दिवस अजून चालू आहेत.

म्हातारा उंदीर सहजासहजी विकत मिळत नाही. तो करावा लागतो. डॉ. बद्रीनाथ तुपे हे विभागप्रमुख. त्यांची संशोधक विद्यार्थिनी गौहर हिला वय वाढल्यावर उंदराची चाल, शिकणं आणि आठवण यांत काय फरक पडतो ते मोजायचं होतं. त्यासाठी हैदराबादहून काळ्या जातीचे बहात्तर उंदीर आणले. मग दोन वर्षं थांबायचं. गौहर थांबली म्हणजे तिनं दोन वर्षं वाचन केलं. उंदीर म्हातारे केले ते मनकर्णाबाईंनी.

हे काम दिसत नाही. नर एकमेकांच्या पाठी फोडतात, त्यांना वेळेत वेगळं करावं लागतं. दात वाढून तोंड मिटेनासं झालं की खाणं बंद होतं, म्हणून आठवड्याला एकेकाचं तोंड उघडून बघायचं. शेपटीवर शाईच्या रेघा असतात, त्यावरून नंबर कळतो. त्या चार-पाच दिवसांत पुसट होतात, पुन्हा काढायच्या. दोन्ही उन्हाळ्यांत एसी बंद पडला. तेव्हा त्यांनी खिडक्यांना ओली पोती बांधली, आणि ती ओली ठेवायला रविवारी, सणाला, भाचीच्या हळदीच्या दिवशीही येऊन गेल्या. दोन वर्षांत सलग तीन दिवसांपेक्षा जास्त रजा नाही.

“लोकं लेकरं वाढवतात,” कडूबा शेजाऱ्यांना सांगायचा, “आमची बया म्हातारे वाढवती.”

बहात्तरांतले अडतीस उरले. पाठीवरची काळी लव विरळ झालेली, कुणाची कातडी दिसणारी, चालताना मागचा भाग जमिनीला टेकणारे. त्यांच्या जोडीला चार महिन्यांचे वीस तरुण उंदीर घेतले. डिसेंबरात परीक्षा सुरू झाली.

पहिली परीक्षा पायांची. फिरत्या दांडीवर उंदीर ठेवायचा, दांडीचा वेग वाढत जातो, तो किती वेळ टिकतो ते बघायचं. तरुण अडीच मिनिटं टिकले, म्हातारे चाळीस सेकंदांत खाली. यावर मनकर्णाबाईंचा काही आक्षेप नव्हता. त्यांचे स्वतःचे गुडघे जिना उतरताना वाजतात.

दुसरी परीक्षा डोक्याची. चार फूट रुंद गोल टब, त्यात फूटभर पाणी. पाण्यात पांढरा रंग कालवलेला, म्हणजे तळ दिसत नाही. एका जागी पाण्याच्या किंचित खाली एक छोटा ओटा लपवलेला. उंदराला पाण्यात सोडलं की तो पोहत पोहत ओटा शोधतो आणि वर चढून बसतो. भिंतीवरच्या खुणा बघून तो जागा लक्षात ठेवतो. रोज चार वेळा, पाच दिवस. तरुण उंदीर पाचव्या दिवशी अकरा सेकंदांत ओट्यावर होते. म्हाताऱ्यांना साठातले बावन्न सेकंद लागले; बरेचसे तर पोहणं सोडून पाण्यावर नुसते पडून राहिले. साठ सेकंद झाले की त्यांना हातानं काढायचं.

डॉ. तुपे आकडे बघून म्हणाले, “बरोबर आहे. म्हातारपणी स्मरणशक्ती जाते. जगभर हेच येतं.”

अपेक्षित उत्तर आलं होतं, त्यामुळे ते कुणी तपासलं नाही.

टबातून निघालेला प्रत्येक उंदीर मनकर्णाबाई टॉवेलात पुसायच्या आणि शंभराच्या बल्बखाली धरायच्या. तरुण उंदीर पुसून होईपर्यंत हातातून निसटू बघत. म्हातारे लटलट कापत होते. म्हाताऱ्यांची पाळी दुसऱ्या आठवड्यात होती; पहिल्याच दिवशी त्यांनी गौहरला सांगितलं.

“पोरी, पाणी लई गार हाय.”

गौहरनं हात घातला, काढला. “ठीक आहे मावशी. त्यांना पोहायचंय, आंघोळ थोडीच करायचीये.”

“म्हातारं माणूस डिसेंबरात गार पान्यानं आंघोळ करतं का? तुझ्या दादीला घाल बरं एकदा, बघू काय आठवतं तिला.”

“दादी को बीच में मत लाओ ना मावशी. रीडिंग घेऊ द्या.”

पाचही दिवस मनकर्णाबाई हेच सांगत राहिल्या. पाचव्या दिवशी गौहर म्हणाली, सर म्हणतात तसं होऊ द्या. पाणी किती गार, याचा एक रकाना नोंदवहीत असतो. नियमाप्रमाणे चोवीस अंश लागतं. तो रकाना मनकर्णाबाईंनी शनिवारी उघडून पाहिला. दहाही दिवस ‘२४’ लिहिलेलं होतं, एकाच पेनानं, एकाच तिरप्या हातानं, वरून खाली.

मनकर्णाबाईंना चोवीस अंश म्हणजे नेमकं काय ते सांगता येत नाही. पण या शहरात राहणाऱ्या बाईला पाण्याचा दिवस सांगता येतो. त्यांच्या भागात आणि कॉलेजच्या भागात नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं, आलं तर. घरच्या दिनदर्शिकेवर त्या पाणी आलं त्या तारखेला लाल गोल करतात. प्राणीघरातही त्यांनी एक दिनदर्शिका टांगली आहे, कारण साठ पिंजरे आणि साठ बाटल्या कधी धुवायच्या हे त्यावर ठरतं. ३ डिसेंबरला गोल होता. ९ तारखेला पाणी यायला हवं होतं. तिथं फुली होती आणि बाजूला ‘नाय आलं, पाइप फुटला’ असं लिहिलेलं. पुढचा गोल थेट १६ ला.

शनिवारी दुपारी पिंजरे धुता धुता त्यांनी हिशेब जुळवला. तरुणांची परीक्षा ४ ते ८. तेव्हा गच्चीवरच्या दोन्ही काळ्या टाक्या भरलेल्या होत्या, उन्हानं तापलेलं पाणी रोज दुपारी बारा वाजता ताजं घेतलं होतं. म्हाताऱ्यांची परीक्षा ११ ते १५. तेव्हा टाक्यांनी तळ गाठला होता. म्हणून ८ तारखेचंच पाणी टबात तसंच ठेवलं, लेंड्या चहाच्या गाळणीनं काढल्या. टब उत्तरेकडच्या खोलीत, फरशीवर, उघडा. रात्रभर गार व्हायचं. उंदीर जास्त, म्हणून परीक्षा सकाळी आठला सुरू. तरुण आणि म्हातारे एका पाण्यात पोहलेच नव्हते.

रविवारी त्या घरी दिनदर्शिकेसमोर दोनदा जाऊन उभ्या राहिल्या. कडूबानं विचारलं, काय झालं. “सोमवारी मारनार हायेत,” त्या म्हणाल्या. “मग? तुझेच होते का काय ते?” त्यांनी भाजीत मीठ जास्त घातलं, एवढंच उत्तर.

आता सोमवार, पावणेदहा. पायरीसमोर गौहर हातात बर्फाचा डबा घेऊन उभी, आणि तिच्या मागं डॉ. तुपे.

मनकर्णाबाई रागावल्या की आवाज चढवत नाहीत. ‘सर’ जास्त वेळा म्हणतात.

“मावशी, किल्ली द्या.”

“देते सर. आधी पाणी गरम करा, सर. एकदा परत पोहवा, सर, मग मारा.”

“परीक्षा झाली आहे. आकडे आले आहेत.”

“आकडे गार पान्याचे हायेत, सर.”

“तुम्हाला यातलं विज्ञान कळतं का?”

“नाय सर. मला टॉवेल कळतो. हे म्हातारे कापत व्हते, सर. पाय गेले त्यांचे, ते खरं हाय. डोकं गेलं, हे खोटं हाय, सर.”

डॉ. तुपे यांनी घड्याळ पाहिलं. गाडी एक वाजता निघणार होती. त्यांनी शिपायाला पाठवून कय्युमला बोलावलं. कय्युम कॉलेजचा पंप चालवतो, नळ दुरुस्त करतो, आणि कुठलंही काम असलं तर त्यालाच हाक मारतात. तो हातात पाना घेऊनच आला.

“कय्युम, कुलूप तोड.”

कय्युमनं कुलपाकडे पाहिलं, मग मनकर्णाबाईंकडे. “भाभी, क्या हुआ?”

“काय नाय. सरांना घाई हाय.”

“सर, हा पाना नळाचा आहे,” कय्युम म्हणाला. “कुलपाला लावला तर पाना खराब होतो.”

“कय्युम!”

“तोडतो सर. हातोडी आणतो. स्टोअरची किल्ली कुणाकडं आहे?” स्टोअरची किल्ली मनकर्णाबाईंच्याच जुडग्यात होती, आणि हे कय्युमला माहीत होतं.

गौहरला हसू आलं आणि लगेच गेलं. डॉ. तुपे यांनी मनकर्णाबाईंना सांगितलं की त्यांची नेमणूक दरवर्षी नवी होते आणि यंदाच्या कागदावर आपलीच सही लागते. हे त्यांनी शांतपणे, विद्यार्थ्याला नियम समजवावा तसं सांगितलं.

“माहीत हाय सर,” मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून दिनदर्शिकेचं डिसेंबरचं पान काढलं. ते त्यांनी सकाळीच फाडून, घडी घालून आणलं होतं. “हे बघा, सर. तीनला पाणी आलं. नऊला नाय. सोळाला आलं. मंग अकरा ते पंधरा तुम्ही पाणी कुठून आनलं, सर? कय्युमभाई, त्या हप्त्यात वरच्या टाकीतून प्रयोगशाळेला पाणी सोडलं व्हतं का?”

“कहाँ का पानी भाभी. संडासला बादली मिळत नव्हती त्या हप्त्यात.”

“बावीस तारखेला एथिक्स कमिटीची मीटिंग हाय ना, सर? बाहेरचे साहेब येनार, जनावरांचं बघायला. त्यांच्या म्होरं हे पान आन् ती वही मी ठेवीन, सर. ते बी इथलेच हायेत. त्यांच्या घरी बी बायका गोल करत असतील.”

डॉ. तुपे वळून गौहरला म्हणाले, “टेंपरेचर तू रोज घेतलंस ना?”

गौहरनं बर्फाचा डबा खाली ठेवला. थर्मामीटर नोव्हेंबरात फुटलं होतं. दुसरं मागायचं तर फॉर्म भरायचा, त्यावर सरांची सही, आणि सर त्या महिन्यात फुटतूट झाली की सगळ्यांसमोर बोलत होते. पहिल्या आठवड्यात पाणी हाताला बरं लागलं होतं, तिनं चोवीस लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात तेच खाली ओढलं. हे तिनं तीन वाक्यांत सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “सर, मला वाटलं दोन-तीन अंशांनी काय होतं.”

डॉ. तुपे दुसऱ्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर घेऊन टबाच्या खोलीत गेले. परीक्षा संपल्यापासून टब कुणी रिकामा केला नव्हता. सकाळचे सव्वादहा वाजले होते. थर्मामीटर सतरावर थांबलं. त्यांनी ते काढलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. सतरा.

दोन-तीन नव्हे, सात अंश.

ते पायरीपाशी परत आले आणि आकडा सांगितला. मग त्यांनी विचारलं की प्रबंधात ‘मर्यादा’ म्हणून हे दोन ओळींत लिहिलं तर? मनकर्णाबाईंनी विचारलं, “मर्यादा म्हंजे काय, सर?” त्यांनी सांगितलं. “म्हंजे चुकलं ते लिहायचं, पन सुधरायचं नाय?”

डॉ. तुपे यांनी स्वतः फोन करून पुण्याची गाडी रद्द केली. त्यांना मनकर्णाबाईंचं पटलं होतं की २२ तारखेची भीती वाटली, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. किल्ली मात्र तेव्हाही मिळाली नाही. आधी गौहरनं नोंदवहीतल्या दहा ‘२४’वर रेघ मारायची, प्रत्येक रेघेसमोर सही करायची, असं मनकर्णाबाईंनी सांगितलं. गौहरनं पायरीवर बसून दहा सह्या केल्या. तिसऱ्या सहीपासून ती रडत होती. मनकर्णाबाईंनी तिला गप्प केलं नाही; पान ओलं होऊ नये म्हणून वही थोडी लांब धरली.

फेरपरीक्षा २१ तारखेला सुरू झाली. ती सुरू झाल्यामुळे २२ तारखेला कमिटीसमोर पान आणि वही ठेवायची गरजच उरली नाही. टब धुतला. ओटा दुसऱ्या बाजूला ठेवला, म्हणजे आधीची जागा आठवून उपयोग नाही, सगळ्यांना नव्यानंच शिकायचं. कय्युमनं गच्चीवरची एक टाकी या कामासाठी राखून ठेवली आणि वसतिगृहाच्या वॉर्डनशी त्यावरून भांडण घेतलं. कमी पडलेलं पाणी मनकर्णाबाईंनी कँटीनच्या शेगडीवर पातेल्यात तापवलं. दर उंदरामागं थर्मामीटर बघितलं जायचं आणि गौहर आकडा मोठ्यानं म्हणायची: चोवीस, साडेतेवीस, चोवीस. तरुण आणि म्हातारे एकाच टबात, एकाच दुपारी, आळीपाळीनं.

पहिल्या दिवशी म्हातारे सगळेच भरकटले. दुसऱ्या दिवशीही. तरुण तोपर्यंत सरळ ओट्याकडे जात होते. डॉ. तुपे दारात येऊन बघून गेले. तिसऱ्या दिवशी शेपटीवर दोन रेघा आणि एक ठिपका असलेला एक म्हातारा, पाठीची कातडी दिसणारा, टबाच्या कडेनं अर्धा फेरा मारून आत वळला आणि ओट्यावर चढला. गौहरनं घड्याळ दाबलं आणि म्हणाली, “बत्तीस.”

“लिव,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी तरुणांची सरासरी दहा सेकंद होती. म्हाताऱ्यांची एकोणीस. बावन्नाचे एकोणीस. म्हातारे हळू पोहत होते. काही चढताना दोनदा घसरले. चार जणांना शेवटपर्यंत काहीच जमलं नाही. तेव्हा वय झाल्यानं फरक पडतो, हे खरंच निघालं. पण जो फरक जगाला सांगायला निघाले होते, त्यातला बराचसा त्या गार टबाचा होता. उरलेले म्हातारे शिकत होते, उशिरा शिकत होते, आणि शिकलेलं दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात होतं.

३० तारखेला, शनिवारी, म्हातारे उंदीर मारले. कुलूप उघडं होतं. मनकर्णाबाई एकेकाला शेपटीनं न उचलता तळहातावर घेऊन आल्या, नंबर सांगितला, दिला. गौहरनं लिहून घेतलं. काम दुपारी दोनला संपलं. या वेळी मेंदू छत्तीस होते.

डॉ. तुपे हातमोजे काढत म्हणाले, “झालं ना मावशी तुमच्या मनासारखं?”

“माझं मन कशाला मधी, सर? हे पहिल्याच बारीला करायचं व्हतं, सर.”

“बरं. आता मेलेल्यांची वही पूर्ण करून द्या, सही करतो.”

प्राणीघरात मेलेल्या प्रत्येक उंदराची नोंद एका वहीत असते: नंबर, तारीख, कारण, विभागप्रमुखांची सही. कारणाचा रकाना मनकर्णाबाईच भरतात, मराठीत, आणि इतक्या वर्षांत त्यावर कुणी कधी नजर टाकलेली नाही. छत्तीस ओळींत त्यांनी ‘मेंदू काढला’ असं लिहिलं. राहिले दोन. टबातल्या पहिल्या परीक्षेनंतर ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात फुगून बसले होते, छातीत घरघर होती. एक १८च्या रात्री गेला, दुसरा २०च्या पहाटे. गौहरनं सुचवलं होतं की तिथं ‘वृद्धापकाळ’ लिहा, चालतं.

मनकर्णाबाईंनी दोन्ही ओळींत ‘गार पाणी’ लिहिलं आणि वही पुढं सरकवली.

डॉ. तुपे वरून खाली भराभर सह्या करत आले. त्या दोन ओळींपाशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वाचलं. मग मनकर्णाबाईंकडे पाहिलं.

“हे सिद्ध करता येणार नाही, मावशी.”

“वृद्धापकाळ तरी कुठं करता येतो, सर?”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि वही मिटवून परत दिली. मनकर्णाबाईंनी ती कपाटात नेहमीच्या जागी ठेवली, टॉवेल भिजत घातले आणि साठ बाटल्या धुवायला घेतल्या. त्या दिवशी नळाला पाणी होतं. छत्तीस ओळींसमोर सही आहे. दोन ओळींसमोरची जागा अजून रिकामी आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला, वही सहीला नेताना, मनकर्णाबाई ते पान आधी उघडून समोर ठेवतात.